गाडीचा रंग आणि तोंडावरचा रुमाल

माझा धंदा कापडाचा. डेंटिंग-पेंटिंगचे कारागीर दुकानात येतात ते सुती काटपीस न्यायला. अर्धे गाडी पुसायला, अर्धे तोंडावर बांधायला. पुसायला कापड उत्तम. तोंडावर मात्र त्याचा उपयोग नाही, हे विकणाराच सांगतो आहे. वीण कितीही घट्ट असो, थोडीफार धूळ अडेल. रंगाची वाफ आणि बारीक फवारा आरपार जातो.

जुन्या एनसी रंगात थिनरचा त्रास होता, पण तो वासाने तरी कळायचा. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. १९८४ साली भोपाळमध्ये ज्या वायूने हजारो माणसे मेली, तो याच कुळातला. हार्डनर त्या वायूसारखा सहज उडत नाही, पण गनमधून त्याचे धुके होते आणि अपायकारक प्रमाणातही त्याला वास येत नाही. ‘वास नाही म्हणजे धोका नाही’ हा उस्तादांचा हिशेब इथे चुकतो.

वर्षानुवर्षे काही होत नाही. मग कधीतरी संध्याकाळी घरी गेल्यावर खोकला, रात्री छाती आवळल्यासारखी, सुट्टीच्या दिवशी मात्र बरे. लोक हवा बदलली म्हणून काढा घेत बसतात. हा दमा असू शकतो. डॉक्टरला आपले काम कोणते ते आधी सांगावे. एकदा शरीराने या रसायनाशी वैर धरले की जराशा फवाऱ्यानेही झटका येतो. हातात हुनर असून काम सोडावे लागते.

यासाठी नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. स्वस्त नाही, हे मान्य. कोळशाच्या डबीचा मास्क थिनरला चालेल. हार्डनरच्या फवाऱ्यात त्यावर विसंबू नये, कारण डबी संपल्याचे वासावरून कळत नाही. चेहऱ्याला चिकटणारा मास्क दाढीवर नीट बसत नाही, फटीतून हवा शिरते. दाढीवाल्या बंधूंनी हवा पुरवणारा सैल टोप घ्यावा. दाढीला हात लावायची गरज नाही. कॉम्प्रेसर मात्र फवाऱ्याच्या जागेबाहेर ठेवावा आणि त्याची हवा गाळून घ्यावी.

गन खाली ठेवली की टोप वर करून काम न्याहाळायची सवय वाईट. धुके दिसेनासे झाले तरी बंद गाळ्यात वीस मिनिटे, कधी जास्तही, हवेत राहते. शागीर्दाला आणि चहावाल्या पोराला तोवर बाहेरच थांबवावे.