पातळ भिंत आणि आधाराचा प्रश्न



जन्मभर तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस आज स्क्रू, फळ्या आणि पत्र्याबद्दल बोलणार, याचं काहींना नवल वाटेल. पण एखादी वस्तू कशाच्या आधारावर राहते, हा प्रश्न मूळचा आमच्या न्यायशास्त्रातलाच. धरणारा तो आधार, धरलं जातं ते आधेय. त्या नैयायिकाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. बाजारातून तूप घेऊन निघाला, वाटेत शंका आली की तुपाला भांड्याचा आधार आहे की भांड्याला तुपाचा? खात्री करायला त्यानं भांडं उलटं केलं आणि तूप मातीत गेलं. आपण त्याला हसतो. पण पातळ भिंतीवर कपाट ठोकून, ‘बसलं की घट्ट’ म्हणून निघून जाणारा माणूस हीच परीक्षा घेत असतो. फरक इतकाच की त्याचं भांडं पुढं कधीतरी कसारा घाटात उलटं होतं.

आज आपण चाकांवरच्या घराबद्दल बोलू. कॅरॅव्हॅन हा शब्द आता आपल्याकडे रुळतोय. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच्या आगेमागे बरीच मंडळी मोठी व्हॅन किंवा टेम्पो घेऊन त्यात पलंग, ओटा, कपाटं बसवायला लागली. निवृत्त जोडपी आहेत, लहान मुलं असलेली तरुण कुटुंबं आहेत. गादी कुठली, पंखा कुठला, सोलर किती वॅटचा, याची चौकशी सगळे करतात. डोक्यावरचं कपाट कशाला धरून आहे, हे मात्र फार थोडे विचारतात. आणि त्याच कपाटाखाली रात्री मूल झोपतं, दिवसा आजी बसते. म्हणून हा प्रश्न नुसत्या सुतारकामाचा नाही.

आधी भिंत किती जाड, ते पाहू. आपल्या नाशिकचा सरकारवाडा किंवा पंचवटीतले जुने वाडे आठवा. तिथली भिंत इतकी जाड की कोनाडा आणि फडताळ भिंतीच्या पोटातच काढता येई. खुंटी भिंतीत खोल रुतवलेली असे. पुढं विटेची नऊ इंची भिंत आली, मग साडेचार इंची. तिच्यात भोक पाडून रॉवल प्लग ठोकला की काम होतं. का होतं? स्क्रू आत जाताना प्लग फुगतो, चारही बाजूंच्या विटेवर दाबतो आणि त्या घर्षणानं धरून राहतो. म्हणजे प्लगला भोवती भरीव काहीतरी लागतं. ऑफिसातल्या जिप्सम पार्टिशनचा बोर्ड साधारण साडेबारा मिलिमीटरचा, मागं पोकळी. तिथं हा प्लग फुगतो, पण दाबणार कशावर? गाडीत तर त्याहून पातळ. व्हॅनचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. आतून प्लाय लावलं तर ते तीन ते सहा मिलिमीटरचं, आणि दोन्हींच्या मध्ये उष्णता अडवणारा फोम. फोम बोटानं दाबला तरी दबतो. तो कुणाला धरणार नाही.

आता स्क्रूचं गणित बघा. चार मिलिमीटर जाडीच्या साध्या पत्र्याच्या स्क्रूचे दोन आटे एकमेकांपासून दीड मिलिमीटरच्या आसपास असतात. पत्रा त्याहून पातळ. म्हणजे पूर्ण एक आटासुद्धा पत्र्यात अडकत नाही. स्क्रू फिरवताना हाताला घट्ट लागतो, ते खरं. पण हाताला लागलेला घट्टपणा आणि दहा हजार धक्क्यांनंतर उरलेला घट्टपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तर्कात ज्याला आपण हेत्वाभास म्हणतो, म्हणजे कारणासारखं दिसतं पण कारण नसतं, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण आम्हाला वर्गातही क्वचित सापडलं.

भार म्हणजे नुसतं वजन, असं आपण धरतो. तिथंच गफलत होते. समजा, भिंतीला ३० सेंटिमीटर खोल फळी लावली आणि तिच्यावर १० किलो सामान पसरून ठेवलं. वजनाचा मध्य भिंतीपासून १५ सेंटिमीटर पुढं आला. ही झाली तरफ. ब्रॅकेटचा वरचा स्क्रू त्याच्या खालच्या टोकापासून २० सेंटिमीटर उंच असेल, तर त्या स्क्रूला भिंतीतून बाहेर ओढणारा जोर होतो १० गुणिले १५ भागिले २०, म्हणजे साडेसात किलो. तोच ब्रॅकेट फक्त ५ सेंटिमीटर उंचीचा घेतला तर? ३० किलो. सामान तेच, फळी तीच. फक्त ब्रॅकेट बुटका घेतला आणि ओढ चौपट झाली. गाडी खड्ड्यात आदळली की क्षणभर हाच आकडा दुप्पट होऊ शकतो. म्हणून ब्रॅकेट उंच घ्यावा आणि फळी उथळ ठेवावी. जड वस्तू फळीवर ठेवायच्याच असतील तर भिंतीलगत ठेवाव्या.

आणि घर चालतं आहे, हे विसरायचं नाही. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की १० किलोच्या कपाटाला पुढं ढकलणारा जोर सात-आठ किलोचा होतो. टक्कर झाली तर हिशेबच बदलतो. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर आतल्या वस्तूवर स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. पाच किलोचा डबा त्या क्षणी १०० किलोचा. तो कोणाच्या दिशेनं जाणार, हे आपण बसवतानाच ठरवलेलं असतं.

मग करायचं काय? उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातलं कुडाचं घर पाहा. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, वरून माती आणि शेण लिंपायचं. भिंत चार बोटांची. त्या घरात जड वस्तू कुडाला कोणी टांगत नाही. उतरंड जमिनीवर. शिंकं वाशाला किंवा आढ्याला. कांबळं, टोपली, कोयता मेढीला. कूड वारा अडवतो, पाऊस अडवतो, आडोसा देतो. भार मेढी आणि वासे घेतात. भिंत वेगळी आणि सांगाडा वेगळा, हे त्या घरात राहणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. आपल्या एसटीतही हेच तत्त्व आहे. डोक्यावरची सामानाची फळी खिडकीजवळच्या पत्र्यावर उभी नसते. तिचे ब्रॅकेट बसच्या सांगाड्याला धरलेले असतात. म्हणून सणासुदीला बोचकी कोंबली तरी ती टिकते.

तेव्हा कॅरॅव्हॅनच्या भिंतीला आपण कूड म्हणू या. म्हणजे भाराला तीन वाटा उरतात.

पहिली वाट, सांगाडा गाठायचा. व्हॅनच्या पत्र्यामागं उभ्या-आडव्या पोकळ बरगड्या असतात. प्लाय लावण्याआधीच त्यांचे फोटो काढून मापं लिहून ठेवा. प्लाय लागलेलं असेल तर बोटानं ठोकत जा. पोकळ आवाज बदलतो तिथं काहीतरी आहे. पत्रा लोखंडी असेल तर लोहचुंबकही उपयोगी पडतो, ॲल्युमिनियमला तो चिकटणार नाही. बरगडीत नुसता स्क्रू मारण्यापेक्षा रिव्हनट बसवावा. तो पॉप रिव्हेटसारखाच एका बाजूनं बसतो, मागच्या बाजूला फुगून पत्रा पकडतो आणि आत पूर्ण आट्यांचा नट मिळतो. मात्र सीटबेल्ट किंवा एअरबॅग ज्या खांबात आहे, त्याला भोक पाडायचं नाही. ते खांब माणसांसाठी राखलेले आहेत.

दुसरी वाट, भार पसरायचा. जिथं बरगडी नाही तिथं एका बिंदूवर ओढ येऊ द्यायची नाही. स्क्रूच्या डोक्याचं क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटिमीटर. त्याच जागी पॅनलच्या मागून १० बाय १० सेंटिमीटरची पट्टी घालून आरपार बोल्ट घेतला, तर तीच ओढ १०० चौरस सेंटिमीटरवर वाटली जाते. दोनशे पट जागा. मागं हात जात नसेल, तर समोरून १२ मिलिमीटर प्लायचा एक रुंद तुकडा आतल्या भिंतीवर पॉलियुरेथेन चिकटवणीनं पूर्ण पृष्ठभागावर चिकटवा. शक्य असेल तर त्याची दोन टोकं दोन बरगड्यांपर्यंत न्या आणि वस्तू त्या तुकड्याला लावा. ही चिकटवण हवेतल्या दमटपणानं हळूहळू पक्की होते, म्हणून डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्यायचा. आणि ध्यानात ठेवा, ज्याला चिकटवलं ते आतलं प्लाय स्वतः कशाला धरून आहे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आधाराचाही आधार पाहावा लागतो.

तिसरी वाट आम्हाला सगळ्यात आवडते. भार भिंतीला द्यायचाच नाही. उंच कपाटाचे पाय जमिनीवर टेकवा. मग भिंतीचं काम फक्त ते कलंडू न देण्याचं उरतं, आणि तेवढं काम पातळ भिंतही करते. पाण्याची टाकी, बॅटरी, शेगडी, धान्य हे सगळं खाली, चॅसिसच्या जवळ. सिलिंडर तर भिंतीच्या आधारानं कधीच नाही. भरलेला १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर लोखंडासकट ३० किलोच्या घरात जातो. गाडीत छोटा सिलिंडर असला तरी तो उभा, हवेशीर कप्प्यात आणि जमिनीच्या सांगाड्याला पट्ट्यांनी आवळलेला हवा. वरच्या कपाटात कपडे, उशा, बिस्किटं.

इथं कोणीतरी विचारेलच की, ‘सर, दुहेरी चिकट टेप मिळते, पाकिटावर इतके किलो लिहिलेलं असतं, मग भोकं कशाला?’ प्रश्न चांगला आहे. चांगल्या प्रतीची टेप खरोखर मजबूत असते. पण पाकिटावरचा आकडा स्वच्छ, सपाट पृष्ठभागासाठी आणि ठरावीक तापमानासाठी असतो. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला पाहिजे, टेप जोर देऊन दाबली पाहिजे आणि पुरती पकड यायला तीन दिवस दिले पाहिजेत. शिवाय सरकवणारा जोर टेप चांगला सोसते. एका कडेनं सोलणारा जोर आला की हार मानते, आणि फळी नेमकी वरच्या कडेनंच सोलते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही, त्या तापमानात टेप मऊ पडते. हलका दिवा, कॅलेंडर, हूक यांना टेप उत्तम. डोक्यावरच्या कपाटाला एकटी टेप नको.

काही पथ्यं सांगतो. भोक पाडण्याआधी मागून वायर गेली आहे का, ते बघा. १२ व्होल्टची आहे म्हणून बेफिकीर राहू नका. शॉक बसणार नाही, पण चेपलेली वायर आग लावू शकते. ड्रिलच्या टोकाला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे ते बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोचणार नाही. बाहेरच्या पत्र्याला भोक पाडायची वेळ आलीच, तर ते सीलंटनं भरा. इगतपुरीचा पाऊस सुईएवढ्या वाटेनंही आत येतो आणि प्लाय आतून कुजवतो. कोकणात वारंवार जाणार असाल तर ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा स्क्रू नुसता ठेवू नका. खाऱ्या हवेत त्या जोडीत ॲल्युमिनियम झिजतं. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. नट नायलॉनची कडी असलेले घ्या, ते कंपनानं सैल होत नाहीत. कपाटाच्या दारांना चुंबक पुरत नाही, कडी लागते. आणि गाडीची नोंद एका प्रकारची नि आतली रचना दुसऱ्या प्रकारची, असं मोटार वाहन कायद्याला चालत नाही. काम सुरू करण्याआधीच आरटीओत चौकशी करा.

शेवटी परीक्षा. नैयायिकानं परीक्षा घेतली यात काही वावगं नव्हतं. तूप भरलेलं असताना घेतली, तिथं त्याचं बिघडलं. आपण रिकाम्या कपाटाची घेऊ. दोन्ही हातांनी धरून खाली, पुढं आणि बाजूला ओढून पाहा. त्यात जेवढं सामान ठेवणार त्याच्या निदान तिप्पट जोर लावा. भिंत फुगताना दिसली तर स्क्रू बदलून उपयोग नाही, वाट बदला. मग सामान भरून शंभरेक किलोमीटर खराब रस्त्यानं फिरून या आणि प्रत्येक बोल्ट पुन्हा पाना लावून बघा. पुढं दर मोठ्या प्रवासाआधी तेच. कुठं खडखड ऐकू आली तर रेडिओचा आवाज वाढवू नका, गाडी थांबवा.

ही सगळी परीक्षा उतरली, तरी झोपणाऱ्याचं डोकं ज्या बाजूला येतं त्याच्या वर जड काही ठेवू नये, असं आमचं मत आहे. तिथं एक उशी ठेवायचा कप्पा पुरे.

इतकं बोलून थांबतो. कोणी आपल्या गाडीची मापं आणली असतील तर पुढं या, फळ्यावर मिळून हिशेब करू.