देवाची इब्री नावे : एल रोई

मागच्या आठवड्यात आपण ‘एल एल्योन’, म्हणजे परात्पर देव, हे नाव पाहिले. ते मलकीसदेकाच्या तोंडी येते आणि तो शालेमचा राजा व याजक होता. आजचे नाव ठेवणाऱ्या बाईकडे राज्य नव्हते, याजकपद नव्हते, स्वतःच्या देहावरही तिचा हक्क नव्हता. ती मिसरची दासी हागार.

उत्पत्तीचा सोळावा अध्याय सावकाश वाचावा. कनानात येऊन 10 वर्षे झाली तरी सारायला मूल नाही, म्हणून ती आपली दासी नवऱ्याला, अब्रामाला देते. हागारेला कोणी विचारत नाही. तिला दिवस जातात, मग ती मालकिणीला तुच्छ लेखू लागते, साराय तिचा छळ करते आणि अब्राम अंग काढून घेतो. या सगळ्यात साराय आणि अब्राम तिचे नाव एकदाही उच्चारत नाहीत. त्यांच्या लेखी ती नुसती दासी. नावाने पहिली हाक येते ती हागार पळून गेल्यावर, शूरच्या वाटेवर, रानातल्या झऱ्यापाशी, परमेश्वराच्या दूताकडून. कुठून आलीस, कुठे निघालीस, हेही तोच पहिल्यांदा विचारतो.

त्या झऱ्यापाशी ती देवाला नाव ठेवते : एल रोई, मला पाहणारा देव. कुलपित्यांनी वेद्यांना आणि स्थळांना नावे दिली; पण खुद्द देवाला नाव दिल्याचे शास्त्र सांगते ते या एका परदेशी, गरोदर, पळून आलेल्या बाईबद्दल. तिथल्या विहिरीला बैर-लहाय-रोई हे नाव पडले. पुढे सारायचा मुलगा इसहाक त्याच विहिरीजवळ वस्तीला राहिला. ही एका ओळीची नोंद मला फार मोलाची वाटते.

पण दूत तिला परत जायला, मालकिणीच्या हाताखाली राहायला सांगतो. हे मी गोड करून सांगणार नाही. छळ सोसणाऱ्या बाईला माघारी धाडण्यासाठी कोणी या वचनाचा आधार घेत असेल, तर त्याने एकविसावा अध्यायही वाचावा. तिथे हागार मुलासह घराबाहेर काढली जाते. बैरशेब्याच्या रानात पाण्याची कातडी पिशवी रिकामी होते. ती लेकराला झुडपाखाली ठेवते आणि त्याचे मरण पाहवणार नाही म्हणून बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन रडत बसते. देवाचा दूत पुन्हा तिला नावाने हाक मारतो, देव तिचे डोळे उघडतो, तिला विहीर दिसते. या वेळी परतीची आज्ञा नाही. तिचा मुलगा रानात मोकळा वाढतो.

पौलाने गलतीकरांस लिहिताना हागारेला दास्याचे रूपक केले. व्यासपीठावरून आपण बहुधा तेवढेच ऐकतो आणि तिने ठेवलेले नाव मागे पडते. शुभवर्तमान मात्र त्या नावाने भरलेले आहे. फिलिप्पाने बोलावण्यापूर्वीच येशूने नथनेलाला अंजिराखाली पाहिले होते. सूखारच्या विहिरीवर भर दुपारी आलेल्या शोमरोनी बाईचे सगळे आयुष्य त्याला ठाऊक होते, आणि तरी त्याने तिच्याकडेच पाणी मागितले. ख्रिस्ती माणूस एल रोई म्हणतो तेव्हा ही नजर त्याच्या मनात असायला हवी : सगळे जाणणारी, तरीही तोंड न फिरवणारी.

पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये त्या वारल्या तोवर हे काम चालू होते. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या आवारात विधवा, टाकलेल्या बाया, दुष्काळातून वाचलेल्या मुली राहत आणि छापखान्यात खिळे जुळवायचे कामही त्यांच्यातल्याच काही जणी करीत. त्या भाषांतरातला हागारेचा अध्याय छापला गेला तो अशा हातांनी.

हागारेचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राम 86 वर्षांचा होता. पुढचा अध्याय उघडतो तेव्हा तो 99 वर्षांचा आहे आणि देव स्वतःच आपले नाव सांगतो : एल शद्दाय. ते पुढच्या आठवड्यात पाहू.