चेहऱ्यावरील कर्क कोठवर कापावा?

नाकपुडीच्या कडेला मोत्याच्या झांकेची बारीकशी गांठ येते. ती दुखत नाहीं. मधूनच तिच्यावर खपली धरते, खपली निघते, थोडें रक्त येतें, आणि दाढी करतांना कापलें असेल असें म्हणून मनुष्य ती विसरतो. त्वचेच्या कर्करोगाचा आरंभ पुष्कळदां इतका साधा असतो. नित्य ऊन खाणारीं नाक, कान, पापण्या, कपाळ हीं त्याचीं आवडतीं स्थानें. गोऱ्या वर्णाच्या लोकांत तो फार, सांवळ्यांत विरळ. परंतु सांवळ्या कातडीवर ही गांठ पुष्कळदां काळसर असते व तीळ समजून सोडून दिली जाते.

सर्वांत अधिक आढळणारा बेसल पेशींचा कर्क शरीरांत अन्यत्र क्वचितच पसरतो. तो जागच्या जागीं पोखरतो. दुसरा, स्क्वेमस पेशींचा, विशेषतः कान व ओठ येथील, मानेंतील गांठींपर्यंत जाऊं शकतो. वेळीं केलेल्या शस्त्रक्रियेनें दोन्ही बहुधा बरे होतात. खरा प्रश्न सुरी कोठें थांबवावी हा. पाठीवर बोटभर कातडी अधिक गेली तरी बिघडत नाहीं. पापणीवर चार मिलिमीटरहि फार होतात. दोन सेंटिमीटरांहून लहान व स्पष्ट कडेचा बेसल कर्क भोंवतालच्या चार मिलिमीटर निरोगी कातडीसह काढल्यास शेंकडा सुमारें ९५ रोग्यांत तो समूळ निघतो. उरलेल्यांत डोळ्यांना न दिसणारीं मुळें मागें राहतात. काढलेल्या तुकड्याचे पावासारखे उभे काप करून ते तपासण्याची रूढ रीत आहे. परंतु दोन कापांमधील कड न पाहिलेलीच राहते.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत फ्रेडरिक मोझ यांनीं यावर उपाय काढला. झिंक क्लोराइडच्या लेपानें कातडी जागींच घट्ट करावयाची, बशीसारखा पातळ थर काढावयाचा, त्याचा नकाशा रेखाटून तळ व कड सूक्ष्मदर्शकाखालीं संपूर्ण पाहावयाची, आणि जेथें कर्क दिसेल तेथूनच पुढचा थर घ्यावयाचा, ही त्यांची पद्धति १९४१ मध्यें प्रसिद्ध झाली. लेप फार झोंबे, व काम कधीं कधीं कित्येक दिवस चाले. १९७० नंतरच्या दशकांत लेप मागें पडून ताजा थर गोठवून तपासण्याची रीत रुळली, आणि काम बहुधा एका दिवसांत आटोपूं लागलें.

नेदरलँड्समध्यें चेहऱ्यावरील बेसल कर्काच्या रोग्यांत दोन्ही पद्धतींची तुलना करण्यांत आली. तिचे दहा वर्षांचे आंकडे २०१४ मध्यें प्रसिद्ध झाले. प्रथमच झालेला कर्क रूढ शस्त्रक्रियेनंतर शेंकडा १२.२, तर मोझ पद्धतीनंतर ४.४ ठिकाणीं उलटला. हें अंतर योगायोगाचेंहि असूं शकेल. पूर्वीं एकदां उलटलेल्या कर्कांत मात्र १३.५ व ३.९ असें अंतर पडलें, आणि तें योगायोग म्हणून सोडून देतां येत नाहीं. शिवाय पहिल्या गटांतील निम्म्याहून अधिक कर्क पांच वर्षें लोटल्यावर उलटले. तोंवर पुष्कळ रोगी तपासणीस जाणें सोडून देतात.

कर्क गेला तरी नाकाची उणीव उरते. ती भरून काढण्याच्या विद्येचा एक धागा पुण्याकडे जातो. १७९२ च्या युद्धांत इंग्रज सैन्याचा कावसजी नांवाचा गाडीवान टिपूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक कापण्यांत आलें. पुण्याजवळील एका वीट पाडणाऱ्या कारागिरानें तें कपाळाच्या कातडीनें पुन्हा घडविलें. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नें १७९४ च्या ऑक्टोबरांत तें वर्णन छापलें. कर्कानंतर मोठी उणीव राहिल्यास आजहि शस्त्रवैद्य कपाळाचीच कातडी उतरवितात. मात्र कड स्वच्छ असल्याची खात्री पटण्यापूर्वीं ती बसवूं नये, कारण मागें राहिलेलें मूळ त्या जाड कातडीखालीं न दिसतां वाढत राहतें. कातडीचा देठ साधारणतः तीन आठवड्यांनीं कापतात. तोंवर रोग्याला भुवईपासून नाकापर्यंतचा तो पूल चेहऱ्यावर वागवावा लागतो.