गोकर्णक्षेत्री शांत निवास : भाविकांसाठी काही माहिती



आपल्या न्यासातर्फे बेळगावहून श्रीक्षेत्र गोकर्ण येथे यात्रा नेली जाते. यात्रेची सूचना फलकावर लागताच कार्यालयात सर्वाधिक विचारणा होते ती निवासाची. खोली मिळेल किंवा नाही, ही चिंता आता फारशी उरलेली नाही. गोकर्णात खोल्या पुष्कळ झाल्या आहेत. त्या खोलीत रात्री झोप लागेल का, हा खरा प्रश्न आहे. म्हणून आमच्या अनुभवास आलेली माहिती येथे एकत्रित देत आहोत.

आरंभी आमची चूक सांगणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी आम्ही देवालयाजवळ, रथबीदीवरील एका इमारतीत खोल्या घेतल्या. वार शनिवार होता. यात्रेत एक वयोवृद्ध काकू होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या यजमानांचे वर्षश्राद्ध होते. मध्यरात्र उलटली तरी खाली मोटारी येत होत्या, सामान उतरत होते, हाका चालल्या होत्या. काकू रात्रभर भिंतीला टेकून बसून राहिल्या आणि सकाळी चिरंजीव संकल्प सोडत असता त्यांना भोवळ आली. त्यांनी कोणासही दोष दिला नाही. परंतु दोष आमचाच होता. खोलीपासून देवालय किती पावलांवर आहे एवढेच आम्ही पाहिले; खिडकी कोणत्या बाजूस उघडते हे पाहिले नव्हते.

गावाची रचना

गोकर्ण हे उत्तर कन्नड जिल्ह्याच्या कुमठा तालुक्यातील गाव. उत्तरेस गंगावळी आणि दक्षिणेस अघनाशिनी या दोन नद्या येथे समुद्रास मिळतात. श्रीमहाबळेश्वराचे देवालय किनाऱ्यापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. दर्शनार्थी, पितृकार्यासाठी आलेली कुटुंबे आणि समुद्रकिनाऱ्यासाठी आलेले पर्यटक हे तिघेही त्याच अरुंद रस्त्यांवरून जातात. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यानंतर येणे सुलभ झाले. बंगळुरूहून रात्रीच्या बसने निघालेले प्रवासी शनिवारी सकाळी पोहोचतात व रविवारी रात्री परततात. गावातील गोंगाटाचे वेळापत्रक बव्हंशी यावरच ठरते.

दिवसाची निवड

केवळ दर्शनाचा हेतू असल्यास मंगळवार ते गुरुवार हे दिवस उत्तम. सोमवार शंकराचा वार असल्याने देवालयात गर्दी असते. श्रावणातील सोमवारी ती अधिक वाढते. महाशिवरात्रीचा रथोत्सव, पितृपक्ष आणि डिसेंबर अखेरीचे दिवस यांत शांततेची अपेक्षा धरू नये. अशा वेळी अंकोला किंवा कुमठा येथे मुक्काम करून सकाळी क्षेत्री यावे, हे श्रेयस्कर.

पावसाळ्यात पर्यटक विरळ असतात व गाव निवांत असते. मात्र समुद्र खवळलेला असल्याने स्नानास उतरू नये. मार्गाचीही चौकशी करूनच निघावे. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूर येथे राष्ट्रीय महामार्गावर मोठी दरड कोसळली होती, हे आपणांस स्मरत असेलच.

श्राद्धकर्माची गोष्ट मात्र निराळी. तिथी आपल्या सोयीने बदलता येत नाही. ती शनिवारी आली तर शनिवारीच जावे लागते. म्हणूनच पितृकार्यास जाणाऱ्यांनी जागेची निवड अधिक काळजीपूर्वक करावी.

जागेची निवड

१. उपाध्यायांची घरे : गोकर्णात उपाध्यायांच्या घरी यजमानांनी उतरण्याची परंपरा जुनी आहे. सोयी साध्या असतात. घर रथबीदीवर असले तरी अंगणाच्या किंवा माडांच्या बाजूची मागील खोली पुष्कळदा शांत असते. ती आवर्जून मागावी.

२. कोटितीर्थाचा परिसर : हे तीर्थ देवालयापासून समुद्राच्या विरुद्ध दिशेस आहे. पहाटे स्नानविधी सुरू होतात, परंतु रात्री वर्दळ कमी असते. देवालय चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने ज्येष्ठांसाठी आम्ही हीच जागा सुचवितो.

३. गावच्या किनाऱ्याचा उत्तर भाग : किनाऱ्याने गंगावळीच्या दिशेने जसजसे दूर जावे तसतशी वस्ती विरळ होते. येथे शांतता आहे. मात्र देवालयास जाण्यासाठी रिक्षाची व्यवस्था आदल्या दिवशीच करून ठेवावी.

४. कुडले व ओम किनारा : दक्षिणेकडील टेकडीपलीकडचे हे किनारे रमणीय आहेत. परंतु मोसमात तेथील उपाहारगृहे रात्री उशिरापर्यंत गजबजलेली असतात आणि चढउतारही आहे. त्यापुढील हाफ मून व पॅराडाइज हे किनारे एकांताचे खरे, पण तेथे पायवाटेने किंवा होडीने जावे लागते. वृद्धांसाठी ते योग्य नाहीत.

खोली ठरविण्यापूर्वी

दूरध्वनीवर केवळ भाडे विचारून थांबू नये. खिडकी रस्त्याकडे आहे की मागे? खाली भोजनगृह किंवा मंगल कार्यालय आहे का? वीज गेल्यावर लावावयाचे जनरेटर कोठे ठेवले आहे? पाण्याचा पंप किती वाजता सुरू होतो? तळमजल्यावर खोली मिळेल का? या पाच प्रश्नांच्या उत्तरांवरून बहुतेक सर्व कळते. शक्य असल्यास एकाने आदल्या आठवड्यात रात्री दहानंतर जागा पाहून यावी. दुपारी पाहिलेली शांतता रात्री असतेच असे नाही.

ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० सालापासून लागू आहेत. त्यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्रीचा मानला जातो आणि निवासी भागात त्या वेळी ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ध्वनिक्षेपकाचा अतिरेक होत असल्यास प्रथम यजमानास, नंतर पोलीस ठाण्यास नम्रपणे कळवावे. वाद घालू नये.

आपले कर्तव्य

शेवटी एक विनंती. गोंगाट करणारे नेहमी इतरच असतात असे नव्हे. पहाटे चार वाजता बादल्यांचा खणखणाट, मजल्यावरून मजल्यावर मारलेल्या हाका, बसचा भोंगा आणि मोठ्याने लावलेली भ्रमणध्वनीवरील भजने, यांमुळे शेजारच्या खोलीतील कोणा यात्रेकरूची झोप मोडते. यापुढे न्यासाच्या यात्रेत रात्री दहानंतर सामूहिक भजन होणार नाही व बस निवासापासून दूर उभी केली जाईल, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

वर उल्लेखिलेल्या काकू पुढील वर्षी पुन्हा आमच्यासोबत आल्या. त्या वेळी कोटितीर्थाजवळ, मागच्या अंगणाकडील खोली घेतली होती. सकाळी आम्ही झोपेची चौकशी केली असता त्या म्हणाल्या, "पहाटे जाग आली तेव्हा समुद्र ऐकू येत होता. मागच्या खेपेला तो आहे हेसुद्धा कळलं नव्हतं."

यात्रेस येणाऱ्यांनी आपल्या निवासाविषयीच्या गरजा नाव नोंदवितानाच कार्यालयात सांगाव्यात, ही विनंती.

चिटणीस,
विश्वस्त मंडळाच्या वतीने