थंड देशातील घर आणि हीट पंपची निवड

कर्जत-खालापूर परिसरातील ठाकूरवाड्यांमध्ये जुनी घरे कारवीच्या कुडाची, वर शेणमातीचा लेप दिलेली असत. हिवाळ्यात चुलीची ऊब आणि अंगावर एखादी गोधडी एवढ्यावर रात्र निभावून जाई. कारण येथील थंडी गोठणबिंदूच्या जवळपासही जात नाही. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले-मुली मात्र आज अमेरिका-कॅनडाच्या बर्फाळ प्रदेशांत स्थायिक झाली आहेत. तेथे घर तापविणे ही चैन नसून जीवनावश्यक गरज आहे. जुना बॉयलर बदलण्याची वेळ आली की कोणते यंत्र घ्यावे, याची चर्चा दूरध्वनीवरून इकडच्या आई-वडिलांपर्यंत येऊन पोहोचते. निर्णय हजारो डॉलरचा आणि पुढील पंधराएक वर्षांचा असल्यामुळे तो जाणतेपणाने घेतलेला बरा.

पाणी आणि उष्णता

खालापूर तालुक्यातील खोपोली येथे 1915 पासून, तर कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे 1922 पासून घाटमाथ्यावरचे पाणी खाली आणून वीज निर्माण केली जाते. पाणी उतारावरून आपोआप येते. ते वर चढवायचे असेल तर पंप लागतो. उष्णतेचेही तसेच आहे. ती स्वभावतः उबदार जागेकडून थंड जागेकडे जाते. तिला उलट दिशेने, म्हणजे बाहेरच्या थंड हवेतून आतल्या उबदार घराकडे नेण्याचे काम हीट पंप करतो. आपल्याकडील स्प्लिट एसी घरातील उष्णता बाहेर टाकतो; तेच चक्र उलटे फिरविले की घर तापते. घरभर हवेच्या नळ्या न टाकता भिंतीवर बसणाऱ्या अशा यंत्रास तिकडे ‘डक्टलेस’ किंवा ‘मिनी स्प्लिट’ म्हणतात.

उणे 15 अंशांच्या हवेतही उष्णता असते. यंत्रातील शीतद्रव्य त्याहूनही कमी तापमानाला उकळते आणि ती उष्णता शोषून घेते. बाहेर 8 अंश असताना एक युनिट विजेत साधारण तीन ते चार युनिट उष्णता मिळते. उणे 15 अंशांना ती दोनच्या आसपास येते. साधा विजेचा हीटर मात्र एका युनिटला एकच युनिट देतो.

क्षमतेचा खरा आकडा

ग्राहकाची फसगत बहुधा येथेच होते. पेटीवर छापलेली 12,000 बीटीयू ही क्षमता सुमारे 8 अंशांच्या सौम्य हवेतील असते. समजा, दोन मॉडेलांवर हाच आकडा आहे. कडाक्याच्या थंडीत एकाची क्षमता 7,000 पर्यंत घसरू शकते, तर दुसरे जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालू राहते. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: उणे 15 अंशांना हे यंत्र किती उष्णता देते आणि किती वीज घेते? ईशान्य अमेरिकेतील ‘नीप’ ही संस्था थंड प्रदेशासाठी योग्य मॉडेलांची यादी ठेवते. त्या यादीत येण्यासाठी उणे 15 अंशांना एका युनिटमागे किमान 1.75 युनिट उष्णता द्यावी लागते. मित्सुबिशीची ‘हायपर हीट’ आणि डायकिनची ‘ऑरोरा’ ही मालिका उणे 25 अंशांपर्यंत चालण्यासाठी बनविलेली आहे. परंतु ‘चालणे’ आणि ‘घर पुरेसे तापविणे’ या भिन्न गोष्टी आहेत, हे विसरू नये.

दुसरा आकडा घराचा. भिंती, खिडक्या व छतातून किती उष्णता निसटते, याची खोलीनिहाय गणना करून घ्यावी. केवळ क्षेत्रफळ पाहून टन सांगणाऱ्यावर विसंबू नये. बोस्टन परिसरात ही गणना साधारण उणे 11 ते उणे 13 अंश धरून होते. तथापि 4 फेब्रुवारी 2023 रोजी तेथे पारा उणे 23 अंशांवर उतरला होता. घरात तान्हे मूल वा वृद्ध असतील, तर अशा रात्रीसाठी जुना बॉयलर किंवा एखादा हीटर राखून ठेवावा. त्या एका रात्रीकरिता मोठे यंत्र घेणे मात्र योग्य नव्हे. गरजेहून मोठा पंप सौम्य हवामानात सारखा बंद-चालू होतो, वीज अधिक खातो आणि लवकर झिजतो.

बाहेरचा एकच संच चार-पाच खोल्यांना जोडण्याचा मोह होतो. परंतु एकाच खोलीला ऊब हवी असते, तेव्हा असा मोठा संच अकारण चालतो. मुख्य खोल्यांना स्वतंत्र संच बहुधा किफायतशीर ठरतात. मात्र दार बंद असलेल्या शयनगृहात शेजारची ऊब पोहोचत नाही, याचा विचार आधीच करावा. बाहेरचा संच बर्फाच्या थरापेक्षा उंच चौकटीवर बसवावा.

हिशेब

तेल, प्रोपेन किंवा साधा विजेचा हीटर वापरणाऱ्या घराला बचत सहसा होते. स्वस्त नैसर्गिक वायू मिळत असेल आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी विजेचा दर त्याच्या तिपटीहून अधिक असेल, तर बिल वाढूही शकते. अमेरिकेतील संघीय करसवलत 2025 अखेर संपली आहे. राज्याची व वीज कंपनीची योजना तपासावी. थंडीसाठी प्रसिद्ध असलेल्या मेन राज्याने एक लाख हीट पंपांचे उद्दिष्ट 2023 मध्येच, ठरल्या मुदतीच्या दोन वर्षे आधी गाठले. यावरून हे तंत्र बर्फाळ प्रदेशातही टिकते, हे दिसते.

श्रावकाचा विवेक

गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णतः टाळता येत नाही. ती यत्नाने कमी करणे एवढे त्याच्या हाती असते. बॉयलरमध्ये हिवाळाभर ज्योत पेटती राहते आणि अग्निकायिक जीवांचा आरंभ घडतो. हीट पंपात ज्योत नाही. वीज सचित्त की अचित्त याविषयी परंपरांमध्ये मतभेद आहेत, आणि ती कोळसा वा वायू जाळून निर्माण झालेली असेल, तर हिंसा केवळ दूर गेली, संपली नाही. म्हणून यंत्र निर्दोष आहे असे मानू नये. कमी ऊर्जेत काम भागते, एवढाच त्याचा गुण. शीतद्रव्याचीही चौकशी करावी. जुन्या आर-410ए वायूचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,088 पट, तर आर-32 चा 675 पट आहे. गळती होऊ न देणारा कुशल कारागीर म्हणूनच महत्त्वाचा.

परिग्रह-परिमाण व्रताची शिकवण येथे थेट उपयोगी पडते. आधी खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात, छताला उष्णतारोधक थर द्यावा, घरात लोकरीचे कपडे वापरावेत. मग उरलेल्या गरजेएवढेच यंत्र घ्यावे. असे केल्यास यंत्र लहान लागते, खर्च घटतो आणि आरंभही कमी होतो.