हाडांत मुरणारं शिसं

शरीराला लोह लागतं, जस्त लागतं, थोडंसं तांबंही लागतं. शिसं मात्र कणभरही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे, निर्धोक म्हणता येईल अशी रक्तातली शिशाची पातळीच आजवर सापडलेली नाही. तरीही ‘युनिसेफ’ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार, जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. अशी मुलं सुमारे ८० कोटी. त्यांतली साडेसत्तावीस कोटी एकट्या भारतातली.

कॅल्शियमचा तोतया

रासायनिकदृष्ट्या शिसं शरीराला कॅल्शियमसारखं भासतं, म्हणून त्याला सगळीकडे वाट मिळते. रक्तात ते काही आठवडे फिरतं आणि मग हाडांत जाऊन बसतं, ते दशकानुदशकं. गरोदरपणात बाळासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, तेव्हा तिच्या बालपणी साठलेलं शिसंही बाहेर पडतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं.

पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या तुलनेत चार-पाच पट जास्त शिसं लहान मुलाचं शरीर शोषून घेतं. अंगात लोह कमी असेल, तर आणखी जास्त. घाला पडतो तो घडत असलेल्या मेंदूवर. हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १९७९ मध्ये शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. ही मुलं वरकरणी ठणठणीत होती. पण ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती बुद्धिमत्ता चाचणीत आणि वर्गातल्या एकाग्रतेत मागे असल्याचं दिसलं. ना ताप, ना पुरळ. असं मूल घरी ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून बोलणी खातं. मोठ्यांमध्ये हेच शिसं रक्तदाब वाढवतं आणि मूत्रपिंडांना इजा करतं.

घरात येतं कुठून?

जुन्या ऑइलपेंटचे पोपडे आणि त्यांची धूळ, कथलात शिसं मिसळून केलेली कल्हई, डोळ्यांत घालायचा पारंपरिक सुरमा. शेंदूर तर मुळात शिशाचंच ऑक्साइड. भंगारात गेलेली इन्व्हर्टरची बॅटरी उघड्यावर फोडून वितळवली जाते, तिथली माती वर्षानुवर्षं विषारी राहते, आणि त्याच मातीत वस्तीतली मुलं खेळतात.

हळदीची गोष्ट सांगलीच्या बाजारपेठेमुळे आपल्याला जवळची. पॉलिश करताना फिकट हळकुंडांवर लेड क्रोमेट हे पिवळं रंगद्रव्य चढवलं, की माल झळकतो. बांगलादेशात गरोदर स्त्रियांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढत संशोधक अशाच हळदीपर्यंत पोचले. २०१९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर सरकारने बाजारात तपासण्या केल्या, दंड केले, लोकांना सावध केलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं; २०२१ मध्ये ते एकाही नमुन्यात सापडलं नाही.

उगमापाशीच थांबवा

घरी करण्यासारखं थोडं आहे, पण ते जरूर करावं. जुना रंग कोरड्या पॉलिशपेपरने घासू नये, आणि तो काढताना मुलं आणि गरोदर बाई घरात नसावी. फरशी ओल्या फडक्याने पुसावी, जेवण्याआधी मुलांचे हात धुवावेत. मुलांना लोह आणि कॅल्शियम पुरेसं मिळावं. डोळे दिपवणारी पिवळीधमक हळद घेऊ नये. शंका असेल, तर डॉक्टरांना विचारून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी.

मात्र खरा फरक पडतो तो शिसं उगमापाशी अडवल्यावर. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं, तेव्हा कोणा आईला वेगळी खबरदारी घ्यावी लागली नाही; शहरांच्या हवेतलं शिसं आपसूक घटलं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षांत ९० भागांहून जास्त असू नये, हा नियम २०१७ पासून लागू आहे. तो लहान कारखान्यांच्या डब्यांपर्यंत पोचायला हवा. हळदीचे नमुने नियमित तपासले जावेत, आणि सरकारी दवाखान्यांत मुलांच्या रक्तातलं शिसं मोजण्याची सोय व्हावी. गेलेली बुद्धी औषधाने परत येत नाही. म्हणून ही मागणी आपल्या नगरसेवकाकडे, आमदाराकडे आजच करायला हवी.