धावणं सुटू नये म्हणून

पोलीस भरतीसाठी पहाटे धावायला लागलेल्या किती जणी आठवड्यातच घरी बसतात! आम्हीही बसलो होतो. उत्साह कमी नव्हता, वेग चुकला होता. पहिल्याच दिवशी ८०० मीटर जीव तोडून पळालो, पोटऱ्या भरून आल्या, मन उडालं.

मग रीत बदलली. शेजारणीशी बोलता येईल एवढ्याच वेगानं पळायचं, दम लागला की चालायचं. जोरात पळायचं ते आठवड्यातून एकदाच. दोघी-तिघींनी मिळून निघायचं, म्हणजे एकीचा कंटाळा दुसरी मोडते, अंधाराची भीतीही कमी होते. रोजचं अंतर वहीत लिहायचं.

आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२३ साली आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण आणलं. सातारच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. या ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. त्या एकदम कुणीच मारत नाही, एकेक करूनच पार होतात.

आपला पुढचा अडथळा एवढाच : उद्या पहाटे अंथरूण सोडायचं.